पांढरा पोशाख

काल रात्री ‘द हार्ड वे’ पाहताना मी एका प्रसंगापाशी अडखळले आणि आज दिवसभर तो मनातून गेला नाही. शाळेच्या निरोप समारंभासाठी धाकट्या केटीला पांढरा पोशाख हवा असतो आणि थोरल्या हेलनचा नवरा त्यासाठी पैसे द्यायला नकार देतो.

१९४३ च्या या चित्रपटात आयडा लुपिनोने साकारलेली हेलन धुराने काळवंडलेल्या त्या कारखान्यांच्या गावातून बहिणीला रंगमंचावर नेते आणि आड येणाऱ्यांना, अगदी केटीच्या भोळ्या नवऱ्यालाही, निर्दयपणे बाजूला सारते. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी लुपिनोला त्या वर्षीची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवले, ते मला योग्यच वाटते. तिच्या चेहऱ्यावर क्रौर्याच्या आधी भूक दिसते.

तो पोशाख नेमका कोणाला हवा होता, केटीला की हेलनला?