विकली पटकन, पोचवायची कशी?
बाईक दोन दिवसांत विकली गेली, पाठवायला मात्र तीन आठवडे लागले. भाड्याचे आकडे ऐकून बाईक विकत घेणारा सौदाच मोडायला निघाला होता. शेवटी रिकामा परतणारा एक ट्रक सापडला. परतीचा माल म्हणून भाडं बरंच उतरलं. तारीख मात्र ट्रकवाल्याच्या मर्जीची.

टाकीतलं पेट्रोल काढलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, आरसे उतरवून जुन्या चादरीत गुंडाळले. ओडोमीटर, चेसिस नंबर, टाकीवरचा जुना पोचा, सगळ्याचे फोटो काढले. हमालाने पट्टा थेट हँडलच्या टोकाला आवळला, तेव्हा मीच ट्रकवर चढलो. पट्टा खालच्या ट्रिपल क्लॅम्पला, म्हणजे हँडलखाली पुढचे शॉकअप धरून ठेवणाऱ्या पट्टीला हवा, पुढचे शॉकअप थोडे दबलेले, साइड स्टँड वर.

"साहेब, विकलीय ना?" तो म्हणाला.

विकलीय खरी.