पतपेढीतले पासवर्ड आणि भेळ

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचे छोटे कार्यालय आहे. गेल्या वर्षी एका पतपेढीची जुनी संगणकप्रणाली देखभालीसाठी आमच्याकडे आली आणि पहिल्याच बैठकीत तिथल्या व्यवस्थापकांनी विचारले, "साहेब, पासवर्डला सगळ्यात भक्कम एन्क्रिप्शन कोणतं लावता येईल, तेवढं सांगा." कोणतेही लावू नका, हे माझे उत्तर त्यांना चेष्टेचे वाटले असावे.

त्यांच्या प्रणालीत एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीने बंद करून किल्लीनेच पुन्हा उघडता येणारे सांकेतिक रूप, होतेच, आणि नावाला तर उत्तमच होते. सभासदांचे पासवर्ड एईएस पद्धतीने, २५६ बिटांच्या किल्लीने बंद केलेले होते. मात्र ती किल्ली त्याच सर्व्हरवरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेली होती, त्यामुळे ज्याच्या हाती सर्व्हर लागेल त्याच्या हाती दोन्ही एकदमच लागणार होते. शिवाय वापरलेला प्रकार ईसीबी, म्हणजे सारख्या मजकुराचे सारखेच रूपांतर करणारा. पासवर्डच्या स्तंभानुसार यादी लावून पाहिली, तेव्हा एकच सांकेतिक ओळ एकाखाली एक एकतीस वेळा आली. खाते उघडताना काउंटरवरून मिळालेला पासवर्ड त्या एकतीस जणांनी कधी बदललाच नव्हता, हे किल्ली न वापरताही कळले. २०१३ मध्ये अडोबीच्या ग्राहकांची माहिती फुटली तेव्हा हाच दोष जगापुढे आला होता. तिथे एन्क्रिप्शनची पद्धत वेगळी, ट्रिपल डीईएस होती, पण प्रकार ईसीबीच.

व्यवस्थापकांना मात्र या पद्धतीचा एक गुण फार आवडत असे. ज्येष्ठ सभासद पासवर्ड विसरले की काउंटरवरचा कारकून तो पडद्यावर उघडून फोनवर वाचून दाखवी. माझ्या मते खरी गफलत इथेच आहे, कारण सभासदाने दिलेला पासवर्ड बरोबर आहे की नाही एवढेच प्रणालीला ठरवता यायला हवे, तो काय आहे हे तिला सांगता येण्याची गरजच नाही. म्हणून पासवर्ड एन्क्रिप्ट न करता हॅश करायचा असतो, म्हणजे त्याचे उलट न फिरवता येणारे रूप साठवायचे. सोबत प्रत्येक खात्याला वेगळा सॉल्ट, म्हणजे पासवर्डात मिसळायची यादृच्छिक भर, जोडायचा, म्हणजे दोघांचा पासवर्ड एक असला तरी साठवलेली ओळ वेगळी दिसते. सॉल्टची कल्पना मॉरिस आणि थॉम्प्सन यांनी युनिक्स या संगणकप्रणालीच्या संदर्भात १९७९ मध्येच मांडली होती, तरी २०१२ मध्ये लिंक्डइनचे फुटलेले पासवर्ड एसएचए-१ या हॅश पद्धतीचे, तेही बिनसॉल्टचे निघाले.

आमच्या कार्यालयातल्या एका तरुण सहकाऱ्याने सॉल्टसह एसएचए-२५६ हे हॅश सुचवले. ते फार वेगवान आहे, आणि पासवर्डच्या बाबतीत वेग हाच दोष ठरतो. एक चांगले ग्राफिक्स कार्ड त्याचे सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासू शकते. मुद्दाम संथ ठेवलेल्या पद्धतींपैकी आमच्यापुढे दोन उरल्या: १९९९ ची बीक्रिप्ट, आणि २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगची स्पर्धा जिंकलेली आर्गॉन२.

बीक्रिप्ट जुनी आणि विश्वासाची आहे, पण ती पासवर्डचे पहिले ७२ बाइटच पाहते. इंग्रजी अक्षरांसाठी ते पुष्कळ झाले. देवनागरीचे मात्र यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या रूढ पद्धतीत, प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, हलन्त हे सारे वेगळे मोजले जाते, म्हणजे हाती उरतात फक्त २४ चिन्हे. मी चाचणीच्या खात्याला 'तलावपाळीच्याकाठीबसूनभेळखाल्ली' असा पासवर्ड दिला आणि प्रवेश करताना शेवट बदलून 'भेळखपली' असे लिहिले. दार उघडले, कारण चोविसावे चिन्ह 'ख' आहे आणि त्यापुढचे आम्ही वापरलेल्या बीक्रिप्टच्या तयार कोडने पाहिलेच नव्हते. तेवढ्यावरून आर्गॉन२ ची निवड झाली. (देवनागरीची आणखी एक अडचण अशी की 'ऱ' हे अक्षर एका चिन्हानेही लिहिले जाते आणि र व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही, म्हणून हॅश करण्याआधी मजकूर युनिकोडच्या एनएफसी या एकसारख्या रूपात आणणे भाग असते.)

आर्गॉन२ चा आर्गॉन२आयडी हा प्रकार वेळेबरोबर स्मृतीही खर्च करायला लावतो, त्यामुळे ग्राफिक्स कार्डावर एकाच वेळी हजारो अंदाज चालवणे महाग पडते. सॉफ्टवेअरच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या मार्गदर्शनात १९ एमबी आणि दोन फेऱ्या असा किमान पर्याय आहे. आम्ही ६४ एमबी आणि तीन फेऱ्या ठेवल्या, पण आधी हिशेब केला: सर्व्हरची रॅम ४ जीबी, आणि सकाळी दहाला काउंटर उघडताना वीस जण एकदम आले तर सव्वा जीबी त्यातच जाणार. तेवढे परवडत होते.

जुने पासवर्ड उलगडता येत असल्यामुळे स्थलांतर मात्र विलक्षण सोपे झाले. सभासद पुन्हा येण्याची वाट न पाहता एका रात्रीत सगळे पासवर्ड उलगडून हॅश केले आणि तो स्तंभ व किल्ली पुसून टाकली. विसरलेल्यांसाठी आता मोबाइलवर ओटीपी जातो आणि ते नवा पासवर्ड ठरवतात. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी लोखंडी कपाटातून बॅकअपचे अकरा पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवले. प्रत्येकात तो स्तंभ होता, आणि सेटिंगची ती फाइलही. हिशेबासाठी ते जपणे त्यांना भाग होते, म्हणून शेवटी प्रत्येक सभासदाला पासवर्ड बदलायला लावण्यावाचून इलाज उरला नाही.