कार्डावरचं बावन्न किलो

काका डायलिसिसला (किडनी काम करत नाही म्हणून मशीनने रक्त साफ करून जादा पाणी काढायला) सकाळच्या शिफ्टला आले तेव्हा वजन भरलं 53.8. कार्डावर ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, 52; म्हणजे मधल्या दोन दिवसांत वाढलेलं पाणी फक्त 1.8 लिटर. कागदावर सगळं ठीक. पण बीपी 178/96, नडगीवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहत होता, आणि काकू म्हणाल्या, "सिस्टर, दोन रात्री हे बसूनच झोपतायत."

पाणी जास्त प्यायले असतील, असाच संशय आधी येतो. बिचाऱ्या पेशंटला उगाच बोलणी बसतात. काकांचे दंड मात्र हडकले होते, पायजम्याची नाडी चार बोटं आत आली होती. पंधरा दिवसांपूर्वी जुलाब झाले, तेव्हापासून जेवण अर्ध्यावर. मांस उतरलं आणि त्या जागी पाणी भरलं. काट्याला दोन्ही सारखंच. 52 वर 'कोरडे' होऊन घरी जाणारे काका खरं तर दीड-दोन लिटर पाणी अंगात घेऊन जात होते.

डॉक्टरांनी छाती तपासून त्या दिवसापुरतं लक्ष्य 51.5 ठरवलं. काढायचे 2.3 लिटर, शेवटी रक्त परत देताना जाणारं सलाईन आणि चहा मिळून 300 मिली धरले, झाले 2.6. चार तासांत ताशी 650 मिली. किलोमागे ताशी 13 मिलीच्या वर आम्ही जात नाही. काकांसाठी ती मर्यादा साधारण 676. एकदम दोन किलो उतरवायचा मोह इथे आवरावाच लागतो. मशीन रक्तातलं पाणी ओढतं, सुजेतलं पाणी रक्तात यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात बीपी कोसळतं.

तिसऱ्या तासाला पोटरीत गोळा आलाच. बीपी 104/60. पाणी काढणं थांबवलं, पाय उंच केले, 100 मिली सलाईन दिलं, पाऊल वर वाकवून पोटरी ताणून धरली. उरलेलं पाणी अर्धा तास वाढवून सावकाश काढलं.

काकूंना लोणचं-पापड बंद करायला सांगितलं, कारण तहान मिठाने लागते. 'कमी सोडियम'चं मीठ तर मुळीच नको. त्यात पोटॅशियम असतं, ते या पेशंटच्या हृदयाला धोक्याचं.

दर वेळी थोडं थोडं उतरवत 50.2 वर सूज गेली, काका आडवे झोपू लागले. पुढे भूक परतली आणि उलटंच सुरू झालं: शेवटच्या तासात गोळे, उठल्यावर चक्कर. आता वाढत होतं ते मांस. तरीही 50.2 पर्यंत ओढत राहिलो असतो, तर पडलेल्या बीपीत फिश्चुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला हातात जोडलेली रक्तवाहिनी, बंद पडू शकला असता. डॉक्टरांनी ड्राय वेट 51 केलं. आता कार्डावर त्या आकड्याशेजारी तो ठरवल्याची तारीख असते, आणि वजन करताना आम्ही विचारतो, "काका, काल किती भाकऱ्या खाल्ल्या?"