मेणवलीच्या घाटावर सईबरोबर

शुक्रवार, रात्री

उद्या सई येतेय. सकाळी लवकर निघून वाईजवळच्या मेणवलीला जायचं ठरलंय. नोव्हेंबर संपत आलाय, ऊन कोवळं आहे आणि धोम धरणाच्या खाली कृष्णा सध्या संथ असेल, म्हणजे घाटाचं प्रतिबिंब मिळेल. फोनवर तिचं एकच पालुपद: "मावशी, मला ते सैल, वाहतं वॉटरकलर शिकव. ड्रॉइंग-बिइंग नको, ते शाळेत झालंय."

झालंय म्हणे! अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटची व्हेनिसची जलरंगचित्रं पाहिली की वाटतं, गडी नावेत बसला, चार फटकारे मारले आणि उठला. (त्याची ८३ जलरंगचित्रं ब्रुकलिन म्युझियमने १९०९ साली एकगठ्ठा विकत घेतली होती. त्या काळातसुद्धा लोकांना भुरळ पडलीच.) पण जरा जवळून पाहावं. रंगाखाली पेन्सिल दिसते. कमान कुठे वळते, कंगोरा कुठे संपतो, सगळं आधी जागेवर बसवलेलं. कुठे काय आहे याचं उत्तर पेन्सिलने दिलेलं असतं, म्हणून ब्रशला उनाडक्या करता येतात. सईला हे आज फोनवर सांगितलं असतं तर ती आलीच नसती.

आणि जलरंग म्हणजे सैलच, हाही एक गैरसमज. चित्रकार सावळाराम हळदणकरांची ती हातात दिवा धरलेली बाई म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पाहणाऱ्याला ते तैलचित्र वाटतं, पण आहे जलरंगच. बोटांच्या फटींतून झिरपणारा उजेड, चेहऱ्यावरची आभा, सगळं संयमाने, थरावर थर चढवत केलेलं. त्यात सैल काही नाही आणि ते चित्र थोरच आहे. तेव्हा सैल रंगवायचं ही आपली आवड. ती नसली तरी बिघडत नाही.

सामान भरून ठेवलं. पैसे कागदावर घालावेत, रंगांवर नाही, हे मी प्रत्येक नवशिक्याला सांगते आणि प्रत्येक नवशिक्या चोवीस रंगांची पेटी घेऊन हजर होतो. शाळेच्या ड्रॉइंगवहीचा कागद पाणी पडलं की फुगतो, त्याच्या खळग्यांत रंगाची तळी साचतात, आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड), सुती, मध्यम खरबरीत कागद घ्यावा. दुकानात ‘कोल्ड प्रेस्ड’ म्हटलं की कळतं. सुती कागद पाणी पोटात धरून ठेवतो, सगळीकडे सारखा ओला राहतो. नवशिक्याला वेळच तर हवा असतो. महाग पडतो हे खरं. पण २२ बाय ३० इंचांच्या पूर्ण शीटचे आठ तुकडे होतात, आणि पाठपोट रंगवलं तर सोळा चित्रं. आपल्याकडे शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचाही कागद मिळतो. संस्था १९४० पासूनची. पण कुठलाही हातकागद घेताना आधी एक तुकडा आणून पाणी टाकून बघावं. काही कागद रंग टिपकागदासारखा पिऊन टाकतात.

ब्रश तीन. टोकदार गोल, १२ नंबरचा. एक इंची चपटा. आणि काठ्या, तारा, दोऱ्या ओढायला लांब केसांचा बारीक रिगर. शून्य नंबरचा मुद्दाम घरी ठेवतेय, कारण तो हाताशी असला की सई विटा मोजायला घेईल.

रंग सहा: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमझन, कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन. कॅमलच्या ट्यूबा शिकायला पुष्कळ झाल्या. दोन बरण्या, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याची. आणि आईच्या जुन्या सुती साडीचा फडका. ब्रशमधलं पाणी ताब्यात ठेवायचं ते फडक्याने, हे कोणी शिकवत नाही.


शनिवार, मेणवलीहून परतल्यावर

साडेसातला घाटावर. धुकं नुकतंच विरत होतं. कपडे धुणाऱ्या बायका आमच्या आधीच आलेल्या. पर्यटक यायच्या आत दोन तास मिळाले.

सईने लाकडी पाट्यावर कागद लावला आणि थेट देवळाच्या शिखरापासून सुरुवात करायला निघाली. मी तिला रंगांना हातच लावू दिला नाही. म्हटलं, डोळे किलकिले कर आणि सांग काय दिसतं.

"देऊळ, पायऱ्या, झाड, बायका..."

"ही नावं झाली. डोळे अजून मीट."

मग हळूहळू म्हणाली, "वरती उजेडाचा एक मोठा तुकडा. मध्ये काळपट, सलग काहीतरी. खाली तेच पुन्हा, थोडं फिकं."

इथेच अर्धं काम झालं. देवळाची सावलीतली बाजू, वडाची सावली, पायऱ्यांची काळोखी, त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब, हे सगळं किलकिल्या डोळ्यांना एकच आकार दिसतं. त्याला एकच आकार म्हणून रंगवायचं. देऊळ वेगळं, झाड वेगळं, पायरी वेगळी अशी एकेक वस्तू रंगवत गेलं की प्रत्येकीभोवती कुंपण पडतं. मग कितीही पाणी ओता, चित्र आखडलेलंच दिसतं.

वहीत काड्यापेटीएवढ्या चौकटी आखल्या आणि ४बी पेन्सिलने तीनच छटा: कोरा कागद, मधली, गडद. दोन मिनिटांत एक. कुठला पांढरा राखायचा ते इथेच ठरतं. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. तो एकदा गेला की पुरता परत येत नाही. सईने पायऱ्यांच्या कडेवरचं ऊन राखायचं ठरवलं. उत्तम निवड.

पेन्सिलचं रेखाटन मोठं पण मोजकं. घाट अर्धचंद्राकृती आहे, त्या वळणाच्या दोन रेषा अचूक हव्यात. पायऱ्या सगळ्या काढायच्या नाहीत. तीन-चार काढल्या की बाकीच्या बघणारा काढतो.

मग पाट्याखाली दगड ठेवून वरची बाजू चार बोटं उचलली. उतार असला की वॉशच्या, म्हणजे पाणीदार रंगाच्या सलग थराच्या, खालच्या कडेला रंगाचा एक ओथंबलेला मणी तयार होतो. पुढचा फटकारा त्या मण्याला टेकवून घ्यायचा, मणी खाली उतरवत न्यायचा, शेवटी ब्रश पिळून तो टिपून घ्यायचा. सपाट पाट्यावर रंग वाट फुटेल तिकडे जातो आणि मग लोक म्हणतात, वॉटरकलर ऐकत नाही.

पहिला वॉश आकाशापासून पाण्यापर्यंत, जवळजवळ सलग. ऑकर आणि किंचित क्रिमझन, वर कोबाल्ट, उन्हाच्या जागा सोडून. सई फारच पाणचट रंग घेत होती. सगळे घेतात. रंगाच्या दाटपणाला आमच्याकडे स्वयंपाकघरातली मापं आहेत: कोरा चहा, दूध, साय, लोणी. आकाश चहाचं. मधल्या सावल्या दुधाच्या. अगदी शेवटचे काळोख सायीचे. लोणी क्वचित, कुठेतरी ठिणगीपुरतं. आणि वाळल्यावर रंग बराच फिका होतो, म्हणून ओला असताना "बाई, फार गडद झालं" असं वाटलं तर बहुतेक बरोबर आहे.

"आता?"

"आता काही नाही. हात मांडीवर."

ही पाच-सात मिनिटं सर्वांत अवघड. कागद तिरका करून बघायचा. चकचकीत असेल तर अजून रंग सोडता येतो, मऊ पसरतो. चकाकी गेली पण कागद दमट आहे, ही घातवेळ. तेव्हा पाणीदार ब्रश लावला की पाणी आधीच्या रंगाला ढकलत जातं आणि दातेरी कडेचा डाग उठतो. चित्रकार त्याला कॉलीफ्लॉवर म्हणतात. तेव्हा लावायचंच असेल तर कागदातल्यापेक्षा ब्रशमध्ये पाणी कमी आणि रंग दाट हवा. एवढा एक नियम समजला तर निम्मे अपघात टळतात. पुरतं वाळलं का हे पाहायला हाताची पाठ कागदाजवळ न्यायची. गार लागला तर अजून ओल आहे.

मग तो सलग काळपट आकार. मेणवलीचा दगड काळा, पण ट्यूबमधला काळा लावला की मढ्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. निळा जास्त तर थंड करडा, सिएना जास्त तर उबदार तपकिरी. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरबरीतपणा फुकट मिळतो. पॅलेटवर दोन्ही पूर्ण घोटायचे नाहीत, थोडं मिसळणं कागदावर होऊ द्यायचं. वडाखालून सुरू करून, देवळाची सावली घेत, पायऱ्यांवरून पाण्यापर्यंत एका दमात. वाटेत रंग बदलत राहायचा, ब्रश उचलायचा नाही. पाण्याजवळ आल्यावर तोच ओला रंग उभा खाली ओढला की प्रतिबिंब तयार. गडद वस्तूचं प्रतिबिंब मुळापेक्षा किंचित फिकं असतं आणि उजळ वस्तूचं किंचित गडद. वाळल्यावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा झोपवून दोन-तीनदा फिरवला, की खरबरीत कागदावर पाण्याची चमक उमटते. दोन-तीनदाच. चौथ्यांदा गंमत जाते.

देवळाच्या उन्हातल्या भिंतीची कडा आकाशात विरून जात होती. सई तिथे रेघ मारणार, तेवढ्यात तिचा दंड धरला. तिला ती कडा खरोखर दिसत होती का? नव्हती. फक्त माहीत होती. सगळ्या कडा धारदार केल्या की नजर फिरायला जागा राहत नाही. काही कडा ओल्यात मिसळू द्याव्यात, एकदोन ठिकाणी, जिथे बघणाऱ्याला थांबवायचंय तिथे, धार ठेवावी.

बायका शेवटी. एक ठिपका डोक्याचा, खाली मोकळी फट, मग खाली निमुळता होत जाणारा एक फटकारा. पाऊल काढायचं नाही, पाऊल काढलं की माणूस जमिनीत रुतून उभा राहतो. एकीला नुसत्या क्रिमझनची साडी. अख्ख्या करड्या चित्रात तेवढा लाल पुरतो.

दुसरीकडून एक गृहस्थ येऊन म्हणाले, "देवळातली घंटा नाही काढली?" चिमाजीअप्पांच्या वसईच्या लढाईतली ती घंटा इथली खासच. पण आम्ही बसलो तिथून ती दिसत नव्हती. सांगितलं तसं. नाराज होऊन गेले.


रविवार

सकाळी सईची दोन्ही चित्रं भिंतीला टेकवून लांबून पाहिली. दुसरं जास्त चांगलं. तेव्हा ऊन चढलं होतं, कागद भराभर वाळत होता, चित्र चिवडत बसायला वेळच नव्हता.

ऋतूची ही बाब कुठे फारशी लिहिलेली सापडत नाही. पुस्तकं बहुतेक विलायती हवेत लिहिलेली. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी वॉशचा मणी खाली यायच्या आत वरची बाजू वाळते. तेव्हा कागद मागून-पुढून ओला करून घ्यावा आणि छोटा आकार धरावा. जुलैत उलट, पहिला वॉश अर्धा तास ओला. तेव्हा दोन चित्रं एकदम सुरू करावीत, एक वाळतंय तोवर दुसरं. आणि पावसाळ्यात कागद प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा. दमट हवेने कागदावरची खळ ठिकठिकाणी मरते, मग रंग लावला की तिथे ठिपके उठतात. कागद वरून कोरा करकरीत दिसतो, काही कळत नाही.

मिठाचे दाणे टाकून केलेली बर्फाची नक्षी, रंगाचे शिंतोडे, प्लॅस्टिक चुरगाळून ठेवणं, हे सगळं सईने रील्समध्ये पाहिलंय. करायचं तर करावं. मला मीठ आवडत नाही. प्रत्येक चित्रात तीच नक्षी येते, मग विषय कृष्णा असो की काश्मीर.


बुधवार

सईचा फोन. घरामागच्या उसाचं चित्र काढलंय, "मावशी, हिरवा प्लॅस्टिकसारखा दिसतोय." तिने परस्पर सॅप ग्रीनची ट्यूब घेतली होती, हे नंतर बाहेर आलं.

म्हटलं, हिरवा बनव. कोबाल्ट आणि लेमन यलो, उन्हातल्या कोवळ्या पात्यांना. अल्ट्रामरीन आणि ऑकर, मागच्या धुळकट झाडांना. आंब्याला त्यातच बर्न्ट सिएना भरपूर, आंबा फार गडद असतो. आणि कुठलाही हिरवा ओरडायला लागला की चिमूटभर सिएना. ऊस मुळात पिवळा जास्त आणि हिरवा कमी, शेताची वरची कड तर जवळजवळ कोरी ठेवली तरी चालते.

"मग व्हिरिडियन घेऊ? सगळे घेतात."

"घे. पण क्रिमझन घालून वापर."

"मग तो हिरवा उरतोच कुठे?"

"उरत नाही. सुंदर करडा होतो. पावसाळी ढगांना लागतो."

ऑर्डर करतेच म्हणाली. कागद किती उरलाय विचारलं, तर नेलेला गठ्ठा जवळजवळ तसाच. चांगला कागद वाया जाईल म्हणून ऊस वहीच्या कागदावर काढला होता! ट्यूब राहू दे म्हटलं, आधी तो गठ्ठा संपव, पाठपोट.