मदरबोर्डने वेग वाढत नाही, मग एवढा खल कशासाठी?

तुम्ही विचारलेत म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. ओळखीतल्या कोणाला संगणक जुळवायचा असला की सुट्या भागांची यादी बहुधा माझ्याकडे येते. त्या यादीतला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एका संध्याकाळीत ठरते, हे सगळे भाग ज्यावर जोडले जातात तो मदरबोर्ड ठरायला मात्र आठवडा जातो, आणि मग ठरलेला प्रश्न येतोच : बोर्डाने संगणकाचा वेग वाढत नाही असे तुम्हीच सांगता, तर सगळा वेळ त्याच्यावरच का घालवता?

वेग वाढत नाही हे खरे आहे, पण ते नेहमीच खरे नव्हते. १९९८ साली आलेला सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर, म्हणजे त्याला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या बोर्डावरच्या वाटेवर, चालत असे. बोर्डाने ती बस १०० मेगाहर्ट्झवर नेऊ दिली, की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर धावे, आणि पुष्कळांचा तो तसा वर्षानुवर्षे बिनतक्रार धावला. रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलरही तेव्हा चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपांच्या संचातच असे, त्यामुळे एका बोर्डावर रॅम चपळ आणि दुसऱ्यावर मंद असा अनुभव सर्रास येई. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत घेतला. तेव्हापासून दोन धड बोर्डांवर तेच भाग बसवून पाहिले, तर रोजच्या कामात जाणवेल असा फरक क्वचितच पडतो.

मग बोर्ड करतो काय? तो वीज आणि संकेत पोहोचवतो. पॉवर सप्लायकडून बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात आणि प्रोसेसरला लागतात साधारण सव्वा व्होल्ट. १२० वॅट खाणारा प्रोसेसर सव्वा व्होल्टवर चालायचा, म्हणजे जवळजवळ शंभर अँपिअरचा प्रवाह सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेच्या, बाजूच्या काही इंचांतून वाहतो, आणि प्रोसेसरवर काम येते-जाते तशी ही मागणी डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आधी वरखाली होते. हे रूपांतर करणाऱ्या भागाला व्हीआरएम म्हणतात : सॉकेटभोवती ओळीने बसलेली चौकोनी चोक नावाची वेटोळी, त्यांच्यालगतचे मॉस्फेट (वीज झपाट्याने चालू-बंद करणारे स्विच) आणि वीज साठवून प्रवाह स्थिर ठेवणारे कॅपॅसिटर. खोक्यावर फेजची, म्हणजे हे काम वाटून घेणाऱ्या अशा जोड्यांची, संख्या ठळक छापलेली असते, तिच्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. मॉस्फेट कोणते आहेत आणि त्यांच्यावर उष्णता शोषायला बसवलेला हीटसिंक धातूचा भरीव ठोकळा आहे की शोभेचे झाकण, हे मी आधी पाहतो. तासन्‌तास चालणाऱ्या कामात कमकुवत व्हीआरएम तापतो आणि प्रोसेसरला आपला वेग खाली आणावा लागतो. आजच्या काळात बोर्डाचा वेगाशी संबंध येतो तो इथे.

मला बोर्डाचा धाक वाटू लागला तो एका जुन्या यंत्रामुळे. १९९९ ते २००७ च्या सुमारास सदोष इलेक्ट्रोलाइट (आतला वीजवाहक द्रव) भरलेले कॅपॅसिटर अनेक कंपन्यांच्या बोर्डांवर आले होते, आणि माझा बोर्ड त्याच काळातला होता. यंत्र तासाभराने आपोआप रीस्टार्ट होई. मी रॅम बदलली, मग पॉवर सप्लाय बदलला, ऑपरेटिंग सिस्टिम दोनदा नव्याने टाकली, आणि तरीही रीस्टार्ट होणे चालूच राहिले. अखेर एके दिवशी धूळ पुसताना सॉकेटजवळचे पाच कॅपॅसिटर दिसले. त्यांची सपाट टोपी फुगून वर आली होती आणि तिच्यावरच्या फुलीसारख्या खाचेतून तपकिरी थर बाहेर पडून वाळला होता. ते पाचही काढून त्याच मापाचे नवे सोल्डर केल्यावर यंत्र पुढे तीन वर्षे चालले. बोर्डाचा दोष स्वतःच्या नावाने कधी समोर येत नाही. तो रॅमचा, कार्डचा किंवा सॉफ्टवेअरचा दोष होऊन येतो, आणि माणूस निर्दोष भाग बदलत बसतो.

दुसरा प्रसंग अलीकडचा आहे. एका मित्राच्या नव्या यंत्रात आठ जीबीच्या दोन रॅम बसवल्या, तर बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये, आठच जीबी दिसत होत्या. रॅम योग्य जागी, म्हणजे प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये होत्या. अदलाबदल केली तर दोन्ही चांगल्या निघाल्या, पण चौथ्या स्लॉटमध्ये जी जाईल ती दिसेनाशी होई. तिसऱ्या स्लॉटमध्येही तेच, म्हणजे त्या दोन स्लॉटना प्रोसेसरशी जोडणारा अख्खा चॅनेलच बंद होता. कूलर उतरवला, प्रोसेसर बाहेर काढला आणि टॉर्च अगदी आडवा धरून सॉकेट पाहिले. शेकडो पिनांची टोके एकाच दिशेने चमकत होती आणि कडेच्या रांगेत एका ठिकाणी ती चमक तुटली होती. एक पिन शेजारणीवर कलली होती. भिंगाखाली शिवणाच्या बारीक सुईने ती थोडी थोडी उचलत मूळ ओळीत आणायला पाऊण तास लागला, कारण जरा जास्त वाकवली असती तर ती तुटलीच असती. यंत्र पुन्हा जोडले आणि सोळा जीबी दिसल्या, तेव्हा आम्ही दोघेही क्षणभर काही बोललो नाही. इंटेलने २००४ च्या एलजीए ७७५ सॉकेटपासून आणि एएमडीने साध्या डेस्कटॉपसाठी २०२२ च्या एएम५ सॉकेटपासून पिना प्रोसेसरवरून काढून सॉकेटमध्ये बसवल्या. एएम५ मध्ये तर त्या १७१८ आहेत. हा नाजूक भाग बोर्डाकडे आल्यापासून मी सॉकेटवरचे प्लॅस्टिकचे झाकण कधीही फेकू देत नाही.

म्हणून बोर्ड घेण्याआधी मी त्याचे मॅन्युअल उतरवून वाचतो, आणि हा वेळ सर्वांत जास्त असतो. कोणत्या एम.२ स्लॉटमध्ये (पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डावर बसते ती जागा) एसएसडी घातली की हार्ड डिस्क जोडायचे कोणते साटा पोर्ट बंद पडतात, हे तिथल्या एका लहानशा तळटीपेत असते आणि जाहिरातीत कधीच नसते. डिस्प्ले येत नाही तेव्हा अडले कुठे, हे सांगणारे चार छोटे दिवे बोर्डावर असावेत आणि प्रोसेसर न बसवताही बायोस बदलता यावा, या दोन गोष्टींवर मी अडून बसतो. रंगीत दिव्यांसाठी एक पैसाही वाढवू नये, असे माझे मत आहे.

तुमच्या यादीतला बोर्ड अजून ठरलेला नाही, त्याचे कारणही हेच आहे. दोन बोर्ड उरले आहेत. पहिल्यावर दुसरी एसएसडी घातली की दोन साटा पोर्ट जातात, आणि तुमच्याकडे जुन्या हार्ड डिस्क चार आहेत. दुसऱ्याचे मॅन्युअल आज रात्री वाचून होईल.