स्पेनच्या उन्हातली बाग: इथे मृगाची वाट पाहू नका

मृग लागला की रोपं लावायची, ही सवय मराठी माणसाच्या हाडात असते. दक्षिण स्पेनमध्ये तीच बागेच्या मुळावर येते. आंदालुसिया, मुर्सिया, अलिकांते, व्हॅलेन्सिया या पट्ट्यात पाऊस पडतो तो साधारण ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये. जून ते ऑगस्ट आभाळ कोरडं ठणठणीत. सेव्हिलला वर्षाकाठी ५०० मिमीच्या आसपास पाऊस होतो, आल्मेरियात जेमतेम २००. जुलैत सेव्हिलचं दुपारचं तापमान सरासरी ३६ अंश असतं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कोर्दोबा प्रांतात पारा ४७ च्याही वर गेला होता. झाडाला पाणी सगळ्यात जास्त लागतं त्याच तीन महिन्यांत वरून थेंब नाही.

म्हणून इथलं बागेचं वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. जमीन अजून कोमट असते, पहिले पाऊस झालेले असतात, ऊन उतरलेलं असतं. या वेळी लावलेलं रोझमेरी, लॅव्हेंडर, ऑलिव्ह किंवा डाळिंब वर काही दाखवत नाही, पण हिवाळाभर खाली मुळं सोडत राहतं आणि जून येईपर्यंत ओलाव्यापर्यंत पोचलेलं असतं. तेच झाड मे महिन्यात लावलं तर पहिला उन्हाळा सलाइनवर काढतं. गंमत म्हणजे नर्सऱ्या सगळ्यात सुंदर दिसतात त्या मे महिन्यातच.

अपवाद थंडीला भिणाऱ्या झाडांचा. बोगनवेल, जास्वंद, लिंबू, आंबा हे मार्च-एप्रिलमध्येच लावावेत, कारण कोवळं रोप मारायला एका रात्रीचं गोठलेलं दहिवर पुरतं. माद्रिदसारख्या उंचावरच्या शहरात, समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर, बोगनवेल उघड्यावर टिकवण्याचा हट्ट न केलेलाच बरा.

खड्डा खणताना पहार सोबत ठेवा. आग्नेय स्पेनमध्ये बऱ्याच ठिकाणी फूट-दीड फुटावर चुन्याचा दगडासारखा थर लागतो, त्याला तिथे 'कालीचे' म्हणतात. तो न फोडता झाड लावलं तर खड्डा म्हणजे बिनभोकाची कुंडी होते. उन्हाळ्यात मुळं भाजतात आणि हिवाळ्यात कुजतात. ३० सेंमी खोल खड्ड्यात काठोकाठ पाणी भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी चार-पाच तासांत उतरलं तर निचरा ठीक. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर थर आरपार फोडावा लागेल, नाहीतर ३०-४० सेंमी उंच गादीवाफा करून वरच लावावं. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, पण त्याहून खोल नको. खालची माती भुसभुशीत केली की झाड पुढे खचतं आणि कलमाचा जोड मातीत जातो.

मातीचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी ८ च्या आसपास असतो आणि नळाचं पाणीही जड. त्यामुळे पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, हे चित्र संत्र्या-लिंबांवर हमखास दिसतं. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. इथे हिराकस टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. चुनखडीत ते काही दिवसांत निरुपयोगी होतं. चिलेटेड लोह, म्हणजे चुन्यात अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं लोह, घेतानाही डब्यावरचं नाव वाचा. ईडीटीए चिलेट सामू साडेसहाच्या वर टिकत नाही, डीटीपीए साडेसातपर्यंत तग धरतं, अशा जमिनीत काम करतं ते ईडीडीएचए. गडद लाल भुकटी असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी फूट येताना पाण्यात मिसळून ओल्या मातीत द्यावी. फरशीवर सांडली तर डाग जात नाही.

याच कारणाने लॅव्हेंडर विकत घेताना जात विचारावी. दातेरी पानांचं लॅव्हेंडर चुनखडीत मजेत वाढतं. कणसावर जांभळ्या पाकळ्यांचा तुरा असलेलं, स्पेनचंच रानटी लॅव्हेंडर मात्र आम्लधर्मी मातीचं, ते इथे पिवळं पडून मरतं. गार्डेनिया, कॅमेलिया, हायड्रेंजिया हवेच असतील तर कुंडीत, सावलीत, आणि एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यावर. त्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. घरात पाणी मऊ करण्याचं मीठवालं यंत्र असेल तर त्याचं पाणी बागेला अजिबात देऊ नका. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं, आणि सोडियम मातीची घडण मोडतं.

लिंबूवर्गीय झाड घेताना लोक फळाची जात विचारतात, खुंट, म्हणजे कलम ज्यावर बांधलं ते मुळाकडचं झाड, विचारत नाहीत. पूर्वी इथे कडू संत्र्याचा खुंट सर्रास असायचा. १९५७ मध्ये ट्रिस्टेझा विषाणू स्पेनमध्ये आढळला आणि त्या खुंटावरची संत्री वाळू लागली, तेव्हापासून दुसरे खुंट आले. कॅरिझो जोमदार आहे, पण चुनखडीत पिवळा पडतो. मॅक्रोफिला चुना आणि खारं पाणी दोन्ही बऱ्यापैकी सोसतो, म्हणून मुर्सिया-अलिकांतेच्या लिंबांना तोच जास्त वापरतात. थंडीला मात्र तो नाजूक. कलमाचा जोड जमिनीपासून १५ सेंमी तरी वर ठेवा आणि आळं दुहेरी करा. खोडाभोवती मातीचा उंचवटा, त्याबाहेर पाण्याचं कडं. पाणी खोडाला टेकत राहिलं की डिंक्या लागतो. आणखी एक काम सप्टेंबर संपायच्या आत करायचं असतं, ते म्हणजे आळ्याचा उताराकडचा बांध फोडून ठेवणं. भूमध्य किनाऱ्यावर शरद ऋतूत 'दाना' (उंचावर अडकलेल्या थंड हवेमुळे होणारी अतिवृष्टी) येते तेव्हा काही तासांत १०० मिमीहून जास्त पाऊस कोसळू शकतो. उन्हाळ्यात जीव वाचवणारं आळं त्या दिवशी डबकं होतं.

आता पाणी. इथल्या बागा पाण्याच्या टंचाईपेक्षा चुकीच्या हिशोबाने जास्त मरतात. हिशोब सोपा आहे. १ चौरस मीटरवर १ मिमी पाणी म्हणजे १ लिटर. जुलैत दक्षिण स्पेनमध्ये दिवसाला साधारण ७ मिमी बाष्पीभवन होतं. ३ मीटर व्यासाच्या घेराचं लिंबाचं झाड सुमारे ७ चौरस मीटर जागा झाकतं, लिंबूवर्गीयांसाठी ०.६५ चा गुणक धरला तर रोजचे ३२ लिटर. ते रोज थोडं थोडं न देता आठवड्यातून दोनदा ११० लिटर द्यावं. तासाला ४ लिटर सोडणारे ८ ड्रिपर असतील तर साडेतीन तास. रोज दहा मिनिटं पाणी दिलं तर वरचे पाच सेंमी भिजतात, मुळं तिथेच घोटाळतात आणि पहिल्या उष्णतेच्या लाटेत भाजून निघतात. भाजीच्या वाफ्याचं उलट. १ बाय ४ मीटरच्या टोमॅटोच्या वाफ्याला भर हंगामात, १.१ चा गुणक धरून, रोज ३१ लिटर लागतं. ठिबकच्या दोन नळ्या, दर ३० सेंमीला २ लिटरचा ड्रिपर, म्हणजे सव्वीस ड्रिपर आणि पहाटे ३६ मिनिटं.

ठिबक बिघडतं ते तीन-चार ठरलेल्या कारणांनी. घरच्या नळाचा दाब ३-४ बार असतो, साध्या ड्रिपरला १ बार पुरे. मध्ये दाब कमी करणारा तुकडा नसेल तर जोड भर दुपारी निसटतात. १२० मेशचा फिल्टर नसेल तर वाळूने तोंडं बुजतात. चुन्याने बुजलेले ड्रिपर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले की बहुतेक मोकळे होतात. आणि झाड मोठं झालं तरी ड्रिपर खोडाजवळच राहतात, ही चूक तर जवळजवळ प्रत्येक बागेत दिसते. दर वर्षी ते घेराच्या कडेपर्यंत सरकवा.

पाणी खारट असेल तर पानांच्या कडा तपकिरी जळतात आणि भिजलेल्या गोलाच्या काठावर पांढरं कडं दिसतं. महिन्यातून एकदा नेहमीच्या दीडपट पाणी देऊन क्षार खाली ढकलावे लागतात. शरदातला पहिला हलका पाऊस आला की ठिबक बंद करायचा मोह होतो. करू नका. तो थोडासा पाऊस काठावरचे क्षार पुन्हा मुळांकडे आणतो. पाऊस चांगला मुरेपर्यंत ठिबक चालू ठेवावं.

आच्छादनाशिवाय यातलं काहीच पुरत नाही. आल्मेरियाच्या भाजीवाल्यांनी 'एनारेनादो' नावाची युक्ती हरितगृहांत कायम केली. मातीवर शेणखताचा पातळ थर आणि त्यावर सुमारे १० सेंमी वाळू. वाळूमुळे मातीतून वर येणारा ओलावा तुटतो आणि बाष्पीभवन बरंच कमी होतं, त्यामुळे क्षारही वर साचत नाहीत. घरच्या बागेत झुडपांभोवती ५-७ सेंमी खडी, भाजीत तेवढाच गव्हाचा पेंढा. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू आणायची नाही. ती खारी असते, शिवाय तिथून उचलणं बेकायदा आहे.

भाजीचे दोन हंगाम आणि मध्ये सुट्टी. टोमॅटो किनाऱ्यावर मार्चअखेर लावतात, माद्रिदकडे १५ मेच्या सान इसिद्रोनंतर. जूनअखेरपर्यंत फळ धरतं. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री २३-२४ च्या खाली तापमान उतरेनासं झालं की पराग निकामी होतात आणि फुलगळ सुरू होते. त्यावर कुठलंही खत उपाय नाही. ४०-५० टक्क्यांची शेडनेट झाडापासून अर्धा मीटर वर आणि पश्चिमेच्या बाजूने खाली उतरती बांधावी, तोडणीची घाई करू नये, आणि दुसरी लागवड जुलैअखेर करून ऑक्टोबर-नोव्हेंबरची टोमॅटो घ्यावीत. फळाचा बुडखा काळा पडला तर लोक कॅल्शियम फवारतात. या मातीत कॅल्शियम पोत्याने आहे. दोष अनियमित पाण्याचा. पानं खुडून फळं उघडी केली तर एका दुपारीत त्यांवर पांढरे भाजके डाग पडतात.

पानांत पारदर्शक नागमोडी खिडक्या दिसल्या तर तो टुटा पतंग, २००६ पासून स्पेनमध्ये आहे. अशी पानं लगेच खुडून बंद पिशवीत घाला, आणि सुरुवातीलाच संध्याकाळी बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं औषध) फवारा. लाल कोळी कोरड्या हवेत वाढतो. पहाटे पानांच्या मागे पाण्याचा फवारा मारला तरी निम्मं काम होतं. पोटॅशियम साबण लिटरला १०-२० मिलि, तोही एसीच्या पाण्यात, कारण जड पाण्यात त्याचा चोथा होतो. गंधक ३० अंशांच्या वर धुरळू नये, पानं करपतात. दुकानात औषध घेताना डब्यावर घरगुती बागेसाठीची 'जेईडी' ही खूण बघा, बाकीची औषधं व्यावसायिक परवान्यावरची.

भेंडी, वांगी, मिरची, चवळी, आणि हिरव्या खडबडीत सालीचं 'पिएल दे सापो' खरबूज ही जुलैला न घाबरणारी मंडळी. लसूण, पालक, वाटाणा, कोबी आणि 'हाबा' नावाचा मोठा घेवडा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. कोथिंबीरही तेव्हाच, मेमध्ये पेरली तर लवकरच फुलावर येते.

जो वाफा उन्हाळ्यात रिकामा राहतो तो उन्हालाच द्या. माती बारीक करून ३० सेंमीपर्यंत चिंब भिजवा, ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद अंगाला चिकटेल असा ताणा, कडा मातीत गाडा, आणि जुलैच्या सुरुवातीपासून सहा आठवडे तसाच ठेवा. सूत्रकृमी, मर रोगाची बुरशी, तणाचं बी बरंच मरतं. काळा कागद वापरू नका, तो स्वतः तापतो आणि माती कमी तापते. हरळीच्या खोल मुळ्या मात्र यातूनही वाचतात.

हरळीवरून आठवलं, हिरवळ हवीच असेल तर हरळीचीच करा. स्पेनमध्ये तिला 'ग्रामा' म्हणतात, आणि उत्तरेकडच्या गवतांच्या तुलनेत तिला उन्हाळ्यात बरंच कमी पाणी पुरतं. हिवाळ्यात ती पिवळी पडते, ते मरण नव्हे.

कुंड्यांचं तंत्र कोर्दोबाच्या अंगणांत बघावं. तिथला मे महिन्यातला उत्सव २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. भिंतीवर उंच टांगलेल्या कुंड्यांना लांब काठीच्या टोकाला डबा बांधून पाणी घालतात. पांढरा चुना, मातीच्या कुंड्या, अरुंद सावलीचं अंगण, यात शोभेपेक्षा गारवा जास्त आहे. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत उन्हाच्या बाजूची मुळं शिजतात. ती मोठ्या मातीच्या कुंडीत बसवून मधल्या फटीत खडी भरा. कुंडीच्या मिश्रणातलं पीट (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) कोरडं पडलं की पाणी धरत नाही, कडेने सांडून जातं. अशी कुंडी बुडबुडे थांबेपर्यंत बादलीत बुडवून ठेवावी. तबकातलं पाणी आठवड्याच्या आत ओता, नाहीतर त्यात टायगर डास वाढतो. जिरेनियमच्या दांड्यांना बारीक भोकं दिसली तर ती दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या छोट्या तपकिरी फुलपाखराच्या अळीची; दांडी भोकाखाली कापून टाका.

शेजाऱ्याकडून फुकट मिळालं म्हणून घायपात, निवडुंगाची पानं, फाउंटन ग्रास किंवा किनाऱ्यावरचं जाड पानांचं कार्पोब्रोटस लावण्याआधी स्पेनची २०१३ ची परकीय आक्रमक प्रजातींची यादी बघा. त्यांतल्या बऱ्याच जाती तिच्यात आहेत, आणि त्या बाळगणं, विकणं, देणं-घेणं बंद आहे.

ऑगस्टमध्ये छाटणी नको, खतही नको. उघडी पडलेली साल उन्हाने तडकते. चुकून पडलीच तर विरलेल्या चुन्याचा हात द्यावा. सहारातून 'कालीमा'ची धूळ आली तर दुसऱ्या दिवशी पहाटे पानं धुवावीत. आणि नळी उन्हात पडलेली असेल तर आधी तिच्यातलं पाणी बाजूला सोडून द्या, हाताला गार लागल्यावरच ती झाडाकडे वळवा.