खर्च वाचतो म्हणून हवाई दलात जाऊ का?

मावसभावाच्या मुलाने परवा फोनवर विचारलं, काका, मला एअरलाइनमध्ये पायलट व्हायचंय, तर आधी हवाई दलात जाऊ का, ट्रेनिंगचा खर्च तरी वाचेल. तासभर बोललो, पण नीट सांगता आलं नाही असं वाटत राहिलं म्हणून इथे लिहितोय.

मी फ्लाइंग स्कूलमधून आलोय. कर्ज काढलं, लायसन्स मिळालं आणि मग उड्डाणाचे तास भरायला तिथेच इन्स्ट्रक्टर झालो. दिवसभर सर्किट मारायची (उडायचं, धावपट्टीभोवती फेरी मारायची, परत उतरायचं), नवीन पोरगा जमिनीपासून पंधरा फुटांवरच नाक वर खेचतो, स्पीड पडायला लागतो, आणि आपले हात कंट्रोलच्या अगदी जवळ पण टेकवायचे नाहीत, कारण आपण लगेच धरलं तर तो कधी शिकणारच नाही. कधी हात घालायचा आणि कधी थांबायचं हे मला त्या शेकडो लँडिंग्जनी शिकवलं.

हवाई दलात पैसे लागत नाहीत हे खरं, पण वर्षं लागतात. अमेरिकेच्या एअरफोर्समध्ये पायलट ट्रेनिंग संपल्यानंतर १० वर्षं सेवा करावी लागते. शिवाय फायटर मिळणार, मालवाहू विमान मिळणार की हेलिकॉप्टर, हे शेवटी तेच ठरवतात. फायटरच्या फेऱ्या छोट्या असतात, मध्येच टेबलावरची पोस्टिंग येते, त्यामुळे तास हळू साठतात. आणि एअरलाइनमध्ये सीनियॉरिटी जॉइन झालेल्या दिवसापासून मोजतात, मागे कितीही मोठा हुद्दा असला तरी. आंतरराष्ट्रीय उड्डाणांना वयाची मर्यादा ६५, म्हणजे चोविसाव्या वर्षी आलेला आणि अडतिसाव्या वर्षी आलेला यांच्यात किती फरक पडतो बघा.

तासांचं म्हणाल तर अमेरिकेत एअरलाइनसाठी १५०० तास लागतात, सैन्यातून आलेल्याला ७५० चालतात. हा नियम २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं त्यानंतर आला. पण त्या विमानातल्या दोघाही पायलटांचे तास १५०० च्या वर होते, म्हणून मला नुसत्या आकड्यापेक्षा ते तास कसे भरले हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

टाइप रेटिंगला, म्हणजे एका ठराविक प्रकारचं विमान उडवायच्या ट्रेनिंगला, माझा जोडीदार फायटरवाला होता. आडव्या वाऱ्यात तो विमान असं उतरवायचा की मी बघत बसायचो, आणि नंतर संध्याकाळी मला पायाचं टायमिंग समजावून सांगायचा. पण टेकऑफनंतर इंजिनला आग लागल्याचा सराव होता तेव्हा बेल वाजली आणि त्याचा हात थेट फायर स्विचवर गेला. मला विचारलं नाही, काही बोलला नाही. इन्स्ट्रक्टरने सिम्युलेटर तिथेच थांबवला. चूक समजण्यासारखी होती, इतकी वर्षं तो कॉकपिटमध्ये एकटाच बसलेला. त्या रात्री खोलीतल्या भिंतीवर कॉकपिटचा कागदी पोस्टर लावून आम्ही दोघं बसलो, तो इंजिनच्या स्विचवर बोट ठेवायचा, "नंबर दोन, कन्फर्म?" आणि मी "कन्फर्म" म्हटल्याशिवाय बोट पुढे सरकवायचं नाही. चाळीसएक वेळा केलं असेल. (मालवाहू विमानांवरून येणाऱ्यांना ही सवय आधीच असते.)

१५ जानेवारी २००९ ला हडसन नदीत उतरलेलं विमान आठवतंय? कॅप्टन सलेनबर्गर एअरफोर्सचे, एफ-४ फँटम हे फायटर उडवलेले. शेजारचे जेफ्री स्काइल्स सिव्हिलमधूनच वर आलेले, एअरबसवर अगदी नवीन. पक्षी आदळल्यापासून पाण्यात उतरेपर्यंत जेमतेम साडेतीन मिनिटं, एकाने विमान धरलं, दुसरा इंजिन परत सुरू करायची चेकलिस्ट करत राहिला, आणि १५५ च्या १५५ माणसं वाचली. कोण कुठून आला याला तिथे काय अर्थ होता?

म्हणून मी त्या पोराला एकच विचारलं, एअरलाइन नावाची गोष्टच नसती तरी तू हवाई दलात गेला असतास का? जो हो म्हणेल त्याने बिनधास्त जावं, तिथे जे शिकायला मिळतं ते पैसे मोजून मिळत नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, नाही काका, मला प्रवासी विमानच उडवायचंय. मग मी त्याला आधी क्लास वन मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी, करून यायला सांगितलं, कर्जाच्या फॉर्मला त्याआधी हातसुद्धा लावू नकोस म्हटलं. पुढच्या आठवड्यात जातोय.